सहलीचे पैसे मैत्रीण भरणार. मग माझी आवड मी कोणत्या तोंडाने सांगू?

(पत्रलेखिकेची ओळख पटेल असे तपशील वगळून पत्राचा सारांश)

मी ५९ वर्षांची आहे. गणिताची शिक्षिका म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि नाशिक रोडला राहते. शाळेपासूनची माझी एक मैत्रीण कॉलेज रोडला राहते. तिच्या घरचा व्यवसाय आहे आणि परिस्थिती माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहा दिवस दोघींनीच जयपूरला जायचे आम्ही ठरवले. चाळीस वर्षांत वणीच्या गडापलीकडे आम्ही दोघी एकत्र कुठे गेलेलो नाही. पुस्तकात चित्र पाहिल्यापासून मला तिथली जंतरमंतर ही जुनी वेधशाळा निवांत पाहायची आहे. तिने मात्र जुन्या हवेलीतले महागडे हॉटेल, दिवसभराची गाडी, अजमेर, पुष्कर, रणथंबोर आणि दोन दिवस निव्वळ खरेदी असा बेत आखला आहे. मी खर्चाचे नाव काढताच ‘पैशांचं तू बघू नकोस, मी भरते,’ असे ती म्हणाली. तेव्हापासून मी गप्प आहे. पैसे तिचे असताना मी माझी आवड कशी पुढे करणार? तिला खरेदीपलीकडे फारसा रस नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळी येवल्याला एका पैठणीसाठी तिने मला तीन तास बसवून ठेवले होते. गुडघेदुखीचे कारण सांगून सहल रद्द करावी, की मन मारून जाऊन यावे?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा ते पैशांबद्दलचे वाटले, दुसऱ्यांदा न बोललेल्या गोष्टींबद्दलचे. तुम्ही दोन पर्याय समोर ठेवले आहेत, पण त्यांपैकी कोणताही निवडला तरी तुमच्या मनातले एक अक्षरही मैत्रिणीला कळणार नाही. जिच्याशी चाळीस वर्षे मैत्री टिकली, तिला ‘मला हे परवडत नाही आणि मला ते पाहायचे आहे’ एवढी दोन वाक्ये सांगता येऊ नयेत, हे मला हवेलीच्या भाड्यापेक्षा जास्त खटकले.

गुडघ्याचा विषय आधी निकालात काढू. खोटे दुखणे एकदा सांगितले की पुढे ते सांभाळावे लागते. नाशिक कितीही पसरले असले तरी तुमच्या आणि तिच्या ओळखीची माणसे त्याच मेन रोडला खरेदीला येतात आणि त्याच मंगल कार्यालयांत भेटतात. डिसेंबरात दुखावलेला गुडघा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जिने चढताना कुणीतरी पाहणारच. शिवाय तुमच्या वर्णनावरून तुमची मैत्रीण अडचण दिसली की लगेच उपाय काढणारी बाई दिसते. ती दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेऊन गाडीसह तुमच्या दारात उभी राहील, याची मला जवळजवळ खात्री आहे.

आता ‘मी भरते’ या शब्दांकडे येऊ. तुम्ही त्यांचा अर्थ ‘म्हणून मी ठरवते’ असा लावला आहे. तुमच्या पत्रात तिच्या तोंडचे हे एकच वाक्य आहे आणि त्यात ठरवण्याबद्दल काहीही नाही. बेत तिने एकटीने आखला हे खरे, पण तुम्ही गप्प राहिल्यावर कुणीतरी तो आखायला हवाच होता. तिच्या बाजूने थोडा विचार करून पाहा. ती घरच्यांबरोबर किंवा यात्रा कंपनीबरोबर पुष्कळ फिरली असेल. पण नवरा नाही, मुले नाहीत, फक्त शाळेतली मैत्रीण, अशी सहल तिच्याही आयुष्यात पहिलीच असण्याची शक्यता आहे. पैशांच्या अडचणीमुळे तुम्ही ऐन वेळी माघार घ्याल, ही धास्ती तिला वाटत असेल आणि त्यावर तिच्या हाताशी असलेला उपाय तिने काढला असेल. हा माझा अंदाज आहे, तो चुकीचाही असू शकतो. पण तुमचाही अंदाजच आहे, आणि विचारून पाहिल्याशिवाय दोन्हींतला खरा कोणता हे कळणार नाही.

तरीही तुम्हाला मिंधे वाटते आहे, ते मी उडवून लावणार नाही. ‘मैत्रीत कसला हिशेब’ हे वाक्य मी आजवर बहुधा ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याच तोंडून ऐकले आहे. ज्याच्याकडे कमी असते तो मनातल्या मनात हिशेब मांडतच असतो, आणि मनातला हिशेब कागदावरच्या हिशेबापेक्षा वाईट, कारण त्यात वजाबाकी कधीच होत नाही. सहा दिवस प्रत्येक चहाच्या वेळी तुमचा हात पर्सकडे जाणार, ती ‘असू दे गं’ म्हणणार आणि तुम्ही हात मागे घेणार. परतीच्या गाडीत बसेपर्यंत तुम्ही तिच्यावर चिडलेल्या असाल आणि तिला त्याचे कारण कळणारही नाही.

म्हणून तिच्याशी बोलण्याआधी एकटीने बसून आकडा ठरवा. पेन्शन, घरातले ठरलेले खर्च, औषधपाणी यांना धक्का न लावता या सहलीसाठी किती रुपये काढता येतील, तो एकच आकडा कागदावर लिहा. ‘जरा जास्तच होतंय गं’ असे मोघम बोललात तर ती पुन्हा ‘मी भरते’ म्हणेल; आकड्याला मात्र तसे उत्तर देता येत नाही. बोलणे फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. तिच्या घरी तिच्या यजमानांसमोरही नको, कारण तिथे तिला उदारपणा दाखवावाच लागेल. दोघीच कुठेतरी मिसळ खायला बसा आणि साधारण असे काही बोला:

‘अगं, मला जयपूरला यायचंच आहे. पण माझ्याकडून पंचवीस हजारांच्या वर होणार नाही, आणि सगळं तू भरलंस तर मला सहा दिवस घास गोड लागणार नाही. तुला हवेलीत राहायचंय ना, मग दोन रात्री तिथे राहू. तिथला वरचा खर्च तुझ्याकडून भेट म्हणून घेईन आणि तसं मोकळेपणाने म्हणेन. बाकीच्या रात्री साध्या हॉटेलात, निम्मे-निम्मे. आणि एक दिवस मला जंतरमंतरला दे.’

पंचवीस हजार हा आकडा मी नुसता उदाहरणादाखल घेतला आहे, तुमचा तुम्ही घाला. या बोलण्यात तिची भेट तुम्ही नाकारलेली नाही, फक्त तिला हद्द घातली आहे. रोजच्या खर्चासाठी एक सामाईक बटवा करा: सकाळी दोघींनी सारखी रक्कम त्यात टाकायची, रिक्षा, चहा, जेवण, तिकिटे सगळे त्यातून, आणि बांगड्या-साड्या ज्याच्या त्याच्या पर्समधून. हल्लीची मुले टीटीएमएम (‘तू तुझं, मी माझं’) म्हणतात त्यात प्रत्येक बिलावर आकडेमोड होते. बटव्यात ती दिवसातून एकदाच होते. बटवा तुमच्याकडे ठेवा. गणिताच्या बाईंकडे हिशेब असणे कुणालाही वावगे वाटणार नाही.

इथवरचा भाग सोपा होता. आता थोडे टोचेल असे लिहिते. तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःला अभ्यासू आणि तिला हौशी ठरवले आहे, आणि हे वर्गीकरण तुम्हाला इतके उघड वाटते की ते तपासावे असेही तुमच्या मनात आलेले दिसत नाही. येवल्याचे ते तीन तास तुम्ही कंटाळून काढलेत, पण ती काय पाहत होती, हे तुम्ही तिला विचारले होते का? पैठणीच्या पदरावरचा मोर विणकर धागे मोजून उतरवतो. एका ओळीत मोजणी चुकली की मान वाकडी होते. हातमागाचे काम आहे की यंत्रमागाचे, हे पारखायला पदराची उलटी बाजू पाहावी लागते. तीन तास बसून हे पाहणाऱ्या बाईला रस नाही, असे म्हणता येणार नाही. तुमच्या ओळखीच्या विषयात तो नव्हता, एवढेच.

मुख्य म्हणजे तुम्ही जे शहर निवडले आहे, तिथे हा भेद टिकतच नाही. सवाई जयसिंगाने १७२७ साली जयपूर वसवले ते आधी कागदावर आखून. नगररचनेत विद्याधर भट्टाचार्यांचा मोठा वाटा होता. नऊ चौकोनांची मांडणी, काटकोनात छेदणारे रुंद रस्ते आणि त्या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना एकसारख्या दर्शनी भागाची दुकाने. म्हणजे ज्या जोहरी बाजारात मैत्रीण दोन दिवस घालवणार म्हणून तुम्ही धास्तावला आहात, तो बाजार मुळातच भूमितीच्या आखणीचा भाग आहे, आणि ज्या राजाने तो आखून घेतला त्यानेच जंतरमंतर उभारले. युक्लिडची भूमिती त्याच्याच दरबारातल्या जगन्नाथ सम्राटांनी अरबीवरून संस्कृतात आणली आणि ग्रंथाला ‘रेखागणित’ असे नाव दिले. (आपल्याकडे जयसिंग म्हटले की पुरंदरचा तह आठवतो आणि मग सहलीत सगळ्यांची गफलत होते. तहाचे मिर्झाराजे जयसिंग वेगळे. सवाई जयसिंग हा त्यांचा खापरपणतू.)

मी काही वर्षांपूर्वी तिथे गेले होते, तेव्हा त्रिपोलिया बाजाराजवळच्या मणिहारोंका रास्ता या गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर तासभर बसले होते. लाखेची कांडी निखाऱ्यावर मऊ करायची, त्यावर रंगाची दुसरी कांडी फिरवायची, लाकडी ठोकळ्याने दाबत सारख्या जाडीची पट्टी लांबवायची, मापाला तोडून टोके जोडायची आणि गरम असतानाच निमुळत्या लाकडी दांड्यावर सरकवून मापाची गोल बांगडी करायची. कारागीर बाई माझ्या हाताकडे एकदा पाहून माप सांगत होती, फूटपट्टीला हात न लावता. परीघ आणि व्यास तुम्ही इतकी वर्षे फळ्यावर शिकवलेत. तिथे ते निखाऱ्यावर पाहायला मिळतील. खरेदीच्या दोन दिवसांपैकी अर्धा दिवस तुम्ही मनापासून तिच्याबरोबर घालवा, पण खुर्ची शोधून बसू नका. ‘यात काय पाहायचं असतं, मला दाखव,’ असे तिला म्हणा. सांगानेर आणि बगरू या जयपूरजवळच्या गावांत ठशांची छपाई होते. तिथे एकाच्या शेजारी दुसरा ठसा सांधा न दिसता कसा बसवतात, हे पाहताना कदाचित तुम्हीच तिला तीन तास थांबवाल.

जंतरमंतरबद्दल मात्र तुम्ही अजिबात तडजोड करू नका. तिथल्या सम्राट यंत्राची, म्हणजे प्रचंड सूर्यघड्याळाची, उंची सुमारे २७ मीटर आहे आणि त्याच्या तिरक्या भिंतीचा जमिनीशी असलेला कोन जयपूरच्या अक्षांशाइतका, म्हणजे जवळजवळ २७ अंशांचा आहे. सकाळी त्या भिंतीची सावली पश्चिमेच्या कमानीवर असते, ती खाली सरकत येते आणि मध्यान्हानंतर पूर्वेच्या कमानीवर चढू लागते. तिचा वेग सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे उभे राहून पाहिले तर ती सरकताना खरोखर दिसते. मिनिटभरात जवळजवळ चार बोटे. कमानीवरच्या खुणा दोन सेकंदांपर्यंतच्या आहेत, पण सूर्य हा बिंदू नसून तबकडी असल्यामुळे सावलीची कड पुसट पडते. बारीक दोरा किंवा काडी आडवी धरून त्या कडेचा अंदाज घ्यावा लागतो. पर्समध्ये काळा दोरा असू द्या.

आणि घड्याळाची फसगत होऊ देऊ नका. जयपूरची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे आहे (आपल्या नाशिकची ३५ मिनिटे), आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सरासरी वेळेच्या पाच-सात मिनिटे पुढे असतो. म्हणजे तुमच्या मनगटावर बारा वाजून वीस-बावीस मिनिटे होतील, तेव्हा तिथे खरी मध्यान्ह असेल. साडेअकराला पोहोचा, एक वाजेपर्यंत थांबा. हे सगळे दिवसाच्या गाडीवाल्याला सांगून उपयोग नाही. तो ‘पाऊण तास बहुत है’ म्हणेल.

तो दीड तास मैत्रिणीने तुमच्याबरोबर उभे राहिलेच पाहिजे, असा मात्र हट्ट नको. हवामहल आणि सिटी पॅलेस तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. हवामहल १७९९ सालचा, ९५३ खिडक्यांचा. वरच्या मजल्यांवर जायला उतरण आहे, त्यामुळे खऱ्या गुडघेदुखीवाल्यांनाही तो जमतो. सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन प्रचंड गंगाजलाचे कुंभ आहेत. १९०२ साली जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी लंडनला गेले, तेव्हा त्यांतून गंगेचे पाणी बोटीने नेले होते. त्र्यंबकहून तांब्याच्या लोट्यात कुशावर्ताचे पाणी आणणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रकार फारसा परका वाटू नये. ती ते पाहून येईल, तुम्ही सावली पाहाल, आणि जेवायला एकत्र भेटाल. आपल्याकडे सहलीत दोघी तासभर वेगळ्या झाल्या की ‘काही बिनसलं का?’ असे विचारतात. रोज दुपारचे दोन तास ज्याचे त्याचे, हे निघण्याआधीच ठरवून टाकलेत तर त्या दोन तासांचा कुणाला राग येणार नाही.

अजमेर, पुष्कर, रणथंबोर यांबाबत मी सरळ तुमच्या बाजूने आहे. तुमचे सहा दिवस हे खरे तर चार आहेत. सकाळी नाशिक रोडहून पंचवटीने निघायचे, दादरला उतरून पश्चिम रेल्वे गाठायची, संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून जयपूरची गाडी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास तिथे. येतानाही तसेच. अजमेर जयपूरहून साधारण १३५ किलोमीटर आणि पुष्कर त्याच्याही पुढे. म्हणजे एक पूर्ण दिवस गाडीत. रणथंबोर दीडशे किलोमीटरहून जास्त, आणि सफारी म्हटली की मुक्काम आला. या दोन्ही गोष्टी केल्या तर जयपूर शहर दोन दिवसांत उरकावे लागेल. हा मुद्दा आवडीनिवडीचा नाही, निव्वळ वेळेचा आहे, म्हणून तो बोलायला सर्वांत सोपा. कागद घेऊन तास मांडा, ती व्यवहारी घरातली बाई आहे, तिला पटेल. तिला वाघ पाहायचाच असेल तर जयपूरला पोहोचून मागे फिरण्यात अर्थ नाही. गाडी वाटेत सवाई माधोपूरला थांबते, तिथेच उतरावे आणि पुष्कर पुढच्या खेपेला ठेवावे. आमेर मात्र शहरापासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे, ते सकाळी लवकर गाठा.

एकत्रित तिकिटाबद्दल एक सावधगिरी. आमेर, जंतरमंतर, हवामहल, नाहरगड यांसाठी मिळून एक तिकीट मिळते आणि ते दोन दिवस चालते. पैसे वाचतात खरे, पण ‘वसूल’ करण्याच्या नादात माणसे दोन दिवस धावत सुटतात. तुमच्या बेतात ते बसत असेल तरच घ्या. सिटी पॅलेसचे तिकीट तसेही वेगळे असते. थंडीची फार धास्ती नको. रात्री पारा दहा अंशांच्या खाली जाऊ शकतो, पण निफाडची थंडी अंगवळणी पडलेल्यांना एक जास्तीची शाल पुरते. दाल-बाटी खाल तेव्हा आपल्या खानदेशी बट्टीशी तुलना करण्याचा मोह दोघींनाही होईल. ती तिथल्या आचाऱ्यासमोर करू नका.

असेच पत्र उलट्या बाजूने लिहिणाऱ्या, म्हणजे पैसे भरणाऱ्या मैत्रिणीही हे सदर वाचत असतील. त्यांना एवढेच सांगेन की ‘मी भरते’ म्हणण्याआधी ‘तुला काय पाहायचंय?’ हे विचारा, आणि हॉटेल ठरवण्याआधी दोन-तीन किमतींचे पर्याय समोर ठेवून निवड समोरचीवर सोपवा. भेट द्यायचीच असेल तर एखादी ठरावीक गोष्ट द्या, एक जेवण किंवा एका रात्रीचा मुक्काम. सगळी सहलच भेट दिली की समोरच्या बाईला आभार मानण्यापलीकडे काही बोलता येत नाही.

तुमचे बोलणे ऐकून ती दुखावेल का? क्षणभर दुखावेलही. बेत तिने हौसेने आखला आहे आणि त्यातले निम्मे तुम्ही खोडणार आहात. तिने ‘मग राहू दे सगळं’ म्हटले तर त्याच बैठकीत समजूत काढत बसू नका. दोन दिवसांनी जंतरमंतरचा एखादा फोटो घेऊन जा आणि ते तुम्हाला का पाहायचे आहे, हे तिला समजावून सांगा. पस्तीसेक पोरांना त्रिकोणमिती समजावलेल्या बाईंना हे अवघड जाणार नाही. आणि हे सगळे सांगूनही ‘माझ्या पैशांनी, माझ्याच बेताने’ असेच ती म्हणाली, तर सहल रद्द करा, पण खरे कारण सांगून.

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, म्हणजे तुमच्या तारखांचे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तिकीट काढताना वय नीट घाला. ४५ वर्षांवरील महिलांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, त्यामुळे दोघींनाही खालचा बर्थ मिळण्याची शक्यता चांगली आहे. मिसळीवरचे ते बोलणे त्याआधी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच उरकून घ्या.